चूल, पाणी आणि बाप्तिस्मा

१० फेब्रुवारी १८९५ या दिवशी, रविवारी, मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे जाणकार, मराठीत नाव होऊ लागलेले कवी. त्यांच्या धर्मांतराची बातमी महाराष्ट्रभर गाजली. पत्नी लक्ष्मीबाई त्या दिवशी त्यांच्याजवळ नव्हत्या. पदरी लहानगा मुलगा दत्तू (पुढचे देवदत्त) होता, लग्नाला पंधरा वर्षे झाली होती, आणि नवरा ख्रिस्ती झाल्याचे त्यांना इतरांकडून कळले. टिळकांचा धर्म एका दिवसात बदलला. त्यांच्या लग्नाचे काय करायचे, हे ठरायला पुढे जवळजवळ पाच वर्षे लागली.

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना बायबलची भाषांतरे, मिशनच्या शाळा, दवाखाने, छापखाने, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक आणि भजने यांची दखल हटकून घेतली जाते. घराची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वास्तविक एकोणिसाव्या शतकात या श्रद्धेची खरी कसोटी लागली ती स्वयंपाकघरात. नवऱ्याने शिवलेले पाणी प्यायचे की नाही, मुलाने कोणाच्या ताटात जेवायचे, सणावाराला माहेरी जायला मिळणार का, नवरा जिवंत असताना आपण सवाष्ण की आणखी काही, हे प्रश्न चर्चच्या व्यासपीठावरून सुटणारे नव्हते. ते नवरा-बायकोनेच सोडवायचे होते, आणि ज्यांनी ते सोडवले त्यांनी मराठी मुलखात ख्रिस्ती संसार म्हणजे काय याचा पहिला नमुना घालून दिला.

हा पेच नव्या करारालाही नवा नव्हता. करिंथ शहरातल्या पहिल्या शतकातल्या मंडळीत हेच घडत होते: दोघांपैकी एकाने विश्वास धरला, दुसऱ्याने नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात त्याचे उत्तर आहे आणि ते दोन भागांत आहे. विश्वास न धरणारा जोडीदार एकत्र राहायला राजी असेल, तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये. आणि तो स्वतःहून निघून जात असेल, तर जाऊ द्यावे. तेव्हा विश्वासणारा बांधलेला राहत नाही. पुढची अठरा शतके चर्चच्या कायदेपंडितांनी या दुसऱ्या भागाचा कीस काढला. हिंदुस्थानात इंग्रज सरकारने कायदा केला तोही मुख्यतः त्याच भागाच्या आधाराने.

तो कायदा १८६६चा, त्या वर्षाचा एकविसावा. ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयांच्या विवाहविच्छेदासाठी केलेला. व्हाइसरॉयच्या मंडळातले कायदेसदस्य हेन्री मेन यांनी तो पुढे रेटला. अडचण खरी होती. हिंदू मुलगा मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती होई. त्याचे लग्न आधीच लहानपणी झालेले असे. मुलीचे आईबाप तिला पाठवायला तयार नसत. हिंदू कायद्याने लग्न मोडत नव्हते, ख्रिस्ती कायद्याने दुसरी बायको करता येत नव्हती. तो तरुण ना विवाहित ना अविवाहित. मुलीची स्थिती त्याहून बिकट. नवरा असून नसल्यासारखा, आणि पुनर्विवाहाचा तर विचारही करायचा नाही.

कायद्याने जी रीत घालून दिली ती बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण सरकारी कागदात नवरा-बायकोच्या मनाचा एवढा विचार फारसा आढळत नाही. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने सोडून दिले असेल, तर आधी दावा लावायचा तो सहवासासाठी. दुसऱ्या पक्षाला कोर्टात बोलावले जाई. पडदा पाळणाऱ्या बाईची जबानी तिच्या रिवाजाला धरून वेगळी घेतली जाई. न्यायाधीशाने तिला विचारायचे: तू याच्याबरोबर राहायला नाकारतेस ते याच्या धर्मांतरामुळेच का? ती हो म्हणाली, तर कोर्टाच्या देखरेखीखाली दोघांची भेट घडवता येई, तिचे मन वळते का हे पाहायला. एवढे करूनही ती ठाम राहिली, तर खटला वर्षभरासाठी तहकूब. वर्षाने पुन्हा तीच विचारणा. तेव्हाही नकार असेल, तर लग्न रद्द, आणि दोघांनाही पुन्हा लग्न करायची मुभा.

वर्षभराची ही मुदत चांगल्या हेतूने ठेवलेली होती. पण कोर्टाच्या खोलीत, वकिलांच्या आणि सासर-माहेरच्या माणसांच्या गराड्यात, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने ‘मला याच्याबरोबर राहायचे नाही’ म्हटले, तर ते तिचे शब्द की तिच्या वडलांचे? कायद्याला उत्तर हवे होते आणि ते त्याला मिळत होते. त्या मुलींना काय वाटत होते याची नोंद करणारी जागा दाव्याच्या कागदावर नव्हती. म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र इतके मोलाचे आहे: कायद्याच्या भाषेत जी ‘प्रतिवादी’ झाली असती, ती बाई इथे स्वतःच्या तोंडाने बोलते.

टिळकांना १८६६च्या कायद्याचा रस्ता मोकळा होता. पत्नी सोडून गेलेली, सहा महिने कधीच उलटलेले, मिशनमध्ये शिकलेल्या ख्रिस्ती मुलींची वाण नाही. त्यांनी तो धरला नाही. पौलाच्या उत्तराचा पहिला भाग त्यांनी धरला, आणि तोही अशा परिस्थितीत की जेव्हा पत्नी ‘एकत्र राहायला राजी’ नव्हतीच.

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. जन्म १८६८चा, माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. घरात सोवळ्याचे प्रस्थ इतके की वडलांचा तो ध्यास वेडाच्या काठावर गेलेला. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही, विटाळाच्या भीतीने घरातल्या पोरीबाळींनी सदा दबून राहायचे. ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातीची पाने याच कहाणीने भरलेली आहेत. अकरा-बारा वर्षांच्या वयात, १८८०च्या सुमारास, त्यांचे लग्न झाले. नवरा जेमतेम वीस वर्षांच्या आतला, बुद्धीने तल्लख, स्वभावाने तापट, पैसा हातात न टिकणारा आणि एका जागी न टिकणारा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेला हा माणूस आयुष्यभर कशाच्या ना कशाच्या शोधात फिरत राहिला. मनात आले की उठून चालू लागायचे, घरी पत्ता नाही. मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही, मग घरात काही उरो न उरो. त्यांची भांडणे आणि समेट हे दोन्ही लक्ष्मीबाईंनी हातचे न राखता लिहिले आहे.

धर्मांतराची सुरुवातही प्रवासातच झाली. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. कवितेवरून बोलणे निघाले, धर्मावर आले. त्या माणसाने त्यांना नवा करार दिला आणि वाचायचा आग्रह केला; दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असेही तो म्हणाला, असे टिळक सांगत. ते वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. पुढचा काळ पत्रव्यवहारात आणि मनाच्या घालमेलीत गेला. हे सगळे टिळकांच्या मनात चालले होते. बायकोच्या वाट्याला फक्त शेवट आला.

नवरा मेला असता तर काय करायचे हे समाजाने ठरवून ठेवलेले होते. नवरा ख्रिस्ती झाला तर काय करायचे, याला रीतच नव्हती. तो परदेशी गेला नव्हता, वारला नव्हता, त्याने दुसरे लग्न केले नव्हते. तो पत्रे पाठवत होता. लक्ष्मीबाई जिवाचे काही बरेवाईट करून घेतील या धास्तीने घरच्यांनी त्यांना डोळ्यात तेल घालून जपले. पुढचा काळ त्यांनी नातलगांच्या आधाराने काढला, त्यातला बराचसा पंढरपुरात. याच काळात, ज्या बाईला लिहिता-वाचता जेमतेम येत होते, तिला ओव्या आणि पदे सुचू लागली. टिळकांनी संसाराच्या सुरुवातीला तिला अक्षरओळख करून देण्याची खटपट केली होती. त्या अक्षरांचा पहिला खरा उपयोग तिने केला तो त्याच्याच विरहात.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. नगर हे या मिशनचे जुने ठाणे, १८३१पासूनचे. इथल्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवत. मिशनच्या आवारात एकटा राहणारा, बायको-मुलापासून तुटलेला हा पंडित पत्रामागून पत्र लिहीत राहिला. घरी ये, तुझा धर्म तू पाळ, एवढेच त्याचे मागणे होते.

अखेर लक्ष्मीबाई आल्या. ख्रिस्ती व्हायला आल्या नाहीत, नवऱ्याकडे आल्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे टिळकांनी मानले, आणि इथेच या संसाराची थोरवी आहे. लक्ष्मीबाईंचे सोवळे चालू राहिले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, शिवाशिव वेगळी. ज्या नवऱ्याने जात सोडली त्याच्याच घरात बायको जात पाळते आहे, आणि तो तिला पाळू देतो आहे. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरात हे चालू देणे त्या काळात सोपे नव्हते. मिशनच्या आवारात कुणाच्या घरी काय शिजते ते सर्वांना कळे. ज्याने दुसऱ्यांना उपदेश करायचा त्याचे स्वतःचे घर ‘अर्धेच’ ख्रिस्ती आहे, याची चर्चा झाल्याशिवाय कशी राहील? टिळकांनी ती सोसली. वाद घालायला हा माणूस मागेपुढे पाहणारा नव्हता, संतापाला तर क्षणाचाही अवधी लागत नसे; पण बायकोच्या श्रद्धेच्या बाबतीत त्याने जो धीर धरला तो त्याच्या एरवीच्या स्वभावाशी अजिबात जुळत नाही. हा धीर त्याला कुठून आला याचे उत्तर त्याच्या श्रद्धेतच शोधावे लागते.

लक्ष्मीबाईंचे मन हळूहळू पालटले, आणि ते आधी ख्रिस्ताकडे वळले असे नाही. आधी जात गेली. माणसे सगळी सारखी, उच्चनीच हे माणसांनीच घडवलेले, हा विचार त्यांच्या मनात एकदा आला आणि मग परत गेला नाही. सोवळ्याच्या धाकात वाढलेल्या बाईच्या बाबतीत ही गोष्ट किती मोठी आहे हे त्यांचे बालपण वाचल्याशिवाय कळत नाही. वडलांनी पाण्याच्या थेंबाथेंबावर जो पहारा बसवला होता तो मुलीने स्वतःच्या विचाराने उठवला. नवऱ्याने आज्ञा केली म्हणून सोवळे सोडले असते, तर ते एका धाकातून दुसऱ्या धाकात जाणे झाले असते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कायद्याने ठरवलेल्या वर्षभराच्या मुदतीत हे बसले नसते.

यानंतरचे टिळकांचे घर हे मराठी साहित्याला ठाऊक आहे ते कवींचा अड्डा म्हणून. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्याकडेच राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना घरच्या पोरासारखे वागवले. ख्रिस्ती घरात हिंदू कवी, त्याच पंगतीत दुष्काळातून आलेली अनाथ मुले, येणारे-जाणारे विद्यार्थी. १८९९-१९००चा दुष्काळ नगर भागात भीषण होता, आणि टिळकांनी घरात आणलेल्या मुलांची भूक भागवायचे काम अर्थातच लक्ष्मीबाईंचे होते. पुढे प्लेगच्या साथीत दोघांनी छावणीत रुग्णांची शुश्रूषा केली. १९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली, ते ‘रेव्हरंड’ झाले. दान करणारा एक आणि त्या दानाचा हिशेब जुळवणारी दुसरी, ही त्या घराची घडी होती, आणि लक्ष्मीबाईंना तिचा वैताग येत असे. तो त्यांनी लिहिला आहे. उदार नवऱ्याच्या बायकोला काय सोसावे लागते यावर धर्मोपदेशकांनी प्रवचने केलेली फारशी आढळत नाहीत. लक्ष्मीबाईंनी मात्र त्यावर पानेच्या पाने लिहिली.

टिळक दांपत्य हा अपवाद होता हेही सांगितले पाहिजे. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती ब्राह्मण घरांतून आलेले नव्हते. ते खेड्यापाड्यांतल्या महार आणि मांग कुटुंबांतून आले. तिथे प्रश्नाचे रूप निराळे होते. बहुधा नवरा-बायको, पोरेबाळे, कधी भाऊबंद एकत्रच बाप्तिस्मा घेत, त्यामुळे संसार दुभंगण्याऐवजी भावकीशी नाते ताणले जाई. गावकीची कामे, त्यांवर मिळणारा वाटा, जत्रेतला मान, नवसाचे बकरे, सोयरीक कुठे करायची, या सगळ्यांत ख्रिस्ती नवरा-बायकोला रोज काहीतरी ठरवावे लागे. मुलीचे लग्न लहानपणीच उरकायचे की मिशनच्या वसतिगृहात ठेवून शिकवायची, हा त्यांच्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने एतद्देशीय ख्रिस्ती वरासाठी सोळा आणि वधूसाठी तेरा वर्षे ही वयोमर्यादा घातली. आज ती ऐकून अंगावर काटा येतो. पण ज्या काळात पाच-सात वर्षांच्या मुलींची लग्ने लागत त्या काळात तेरा ही सुद्धा वाट पाहायला लावणारी मर्यादा होती. पुढे ती वाढत गेली आणि १९७८मध्ये एकवीस आणि अठरावर आली.

मिशनने मुलींच्या शाळा काढल्या त्यामागे एक हेतू उघड होता: उपदेशकाला शिकलेली बायको हवी. सिंथिया फॅरर या बाई १८२७ साली मुंबईत आल्या आणि १८३९पासून १८६२मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी नगरला मुलींना शिकवले. शिकलेल्या मुलीला उपदेशकाची बायको व्हायला तयार करायचे, हा हेतू आज कानाला खटकतो, खटकलाच पाहिजे. पण त्याचे फळ हेतूपेक्षा मोठे निघाले. नवरा-बायको दोघेही वाचणारे, दोघेही पगारी काम करणारे, संध्याकाळी घरात एकत्र शास्त्र वाचून प्रार्थना करणारे, अशी घरे उभी राहिली. ‘बायबलबाई’ म्हणून घरोघर फिरणारी बाई नवऱ्याच्या बरोबरीने काम करत होती. हिंदू मध्यमवर्गात असे घर दिसू लागायला अजून बराच अवकाश होता.

या वाटेवर सर्वांत पुढे गेलेले जोडपे म्हणजे रेव्हरंड सुमंतराव आणि डॉक्टर गुरुबाई करमरकर. १८८८ साली दोघे अमेरिकेला गेले. ते धर्मशास्त्र शिकले. त्या फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८९२मध्ये डॉक्टर झाल्या. त्याच महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी १८८६ साली पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. आनंदीबाई परत आल्या त्या आजारी होऊन, आणि वर्षभरातच गेल्या. त्यांच्या नवऱ्याने बायकोच्या शिक्षणापायी तिला किती छळले याची कहाणी मराठी वाचकाला पाठ आहे. गुरुबाईंचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांनी मुंबईत भायखळ्याला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे बायका-मुलांवर उपचार केले. नवरा त्याच शहरात उपदेश करत होता. हे लग्न नाटकाचा विषय झाले नाही, कारण त्यात बोंबलून सांगावे असे काही घडले नाही. बायको शिकली, तिने काम केले, नवऱ्याने आपले काम केले. इतिहासलेखनाला अशा संसारांचा विसर पडतो ही खेदाची गोष्ट आहे.

कॅथलिक समाजाची वाट याहून जुनी. वसई १५३४पासून १७३९पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली ठरवले की धर्मगुरू आणि साक्षीदारांच्या उपस्थितीशिवाय लागलेले लग्न वैध नाही, आणि लग्नाआधी त्याची तीनदा जाहीर घोषणा झाली पाहिजे. या नियमाने गुपचूप लावलेली, मग नाकारलेली लग्ने थांबवायची होती, म्हणजे त्याचा रोख बहुधा बाईच्या संरक्षणाकडे होता. चर्चने लग्नाला नियम घातला. पण लग्नाचे घर काही रिकामे झाले नाही. गोव्यात १७३६मध्ये धर्मन्यायासनाने लांबलचक फर्मान काढून ख्रिस्ती लग्नांतल्या हळद, फुले, विडे, गाणी अशा कितीतरी रीतींवर बंदी घातली. एवढी बारकाईची बंदी घालावी लागली, याचाच अर्थ या रीती दीडदोनशे वर्षांनंतरही जिवंत होत्या. आजही गोव्यात लग्नाआधी वधूवरांना नारळाच्या रसाचा ‘रोस’ लावतात, आणि मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन घरांत ‘उंबराचे पाणी’ आणायला वाजतगाजत जातात. मराठी ख्रिस्ती बायकांच्या गळ्यात काळे मणी दिसतात, कधी वाटीच्या जागी क्रूस. फर्मान निघाले आणि विरले. लग्नघरातल्या आयाबायांनी ठरवले की ख्रिस्ती होणे आणि आपल्या रीतीने लग्न लावणे यांत भांडण नाही. टिळकांनी पुढे ख्रिस्ती भजन-कीर्तनातून देशी रीत आणि नवी श्रद्धा यांचा जो मेळ घातला, तोच या बायकांनी त्याआधी कितीतरी वर्षे मांडवात घातला होता.

या इतिहासाची एक बाजू दुखरी आहे आणि ती झाकून चालणार नाही. लग्न देवाने जोडलेले, ते माणसाने तोडू नये, ही शिकवण टिळकांच्या घरात धीर होऊन आली. तीच शिकवण कायद्यात उतरली तेव्हा मार खाणाऱ्या बाईच्या गळ्यातली साखळी झाली. १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसता मार, नुसता छळ पुरत नसे. परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोयच नव्हती. हा कायदा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती बायकांवर लागू राहिला. १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्यातली विषम अट घटनाबाह्य ठरवली, आणि २००१मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. श्रद्धेने जे बायकोकडून मागितले तेच नवऱ्याकडूनही मागितले पाहिजे, ही साधी गोष्ट कायद्यात यायला इतका वेळ लागला. टिळकांच्या लग्नाचे कौतुक करताना हे लक्षात ठेवावे लागते, कारण तिथे वाट पाहिली ती नवऱ्याने.

आणि पुढे बायकोनेही पाहिली. १९१७ साली टिळकांनी संन्यास घेतला, मिशनचे वेतन सोडले, आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सर्व त्या दरबारात चालणार होते. परदेशी चर्चच्या चौकटीपेक्षा रुंद असा ख्रिस्ती समाज त्यांना हवा होता. भारतीय मातीतला संन्यासी, पण घर-बायको असलेला. हा मेळ कागदावर कसाही दिसो, घराचे अंदाजपत्रक त्यात कुणाच्या डोक्यावर आले हे सांगायला नको. ९ मे १९१९ला टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई त्यांच्यानंतर सतरा वर्षे जगल्या. काही काळ त्या मुलाबरोबर कराचीलाही राहिल्या.

मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहाने त्यांनी आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागले, शेवटचा भाग त्यांच्या पश्चात आला. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या. साऱ्या पुस्तकात त्या नवऱ्याला ‘टिळक’ म्हणतात. त्यांचा राग, त्यांचे विसरणे, त्यांचे रुसणे, त्यांनी मागितलेली क्षमा, सगळे तिथे आहे. ख्रिस्ती वाचकाला आदर्श दांपत्याचे चित्र हवे असेल तर ते इथे मिळत नाही; मिळते ते दोन माणसांचे खरे चित्र, ज्यांना एकमेकांवर आणि देवावर रागावता येत होते. धर्मोपदेशकाच्या विधवेने हे लिहावे आणि तिच्या पाळक मंडळींतल्या वाचकांनी ते वाचावे, यात त्या समाजाचाही मोठेपणा आहे.

टिळकांचे एक काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा त्यांचा संकल्प होता, ‘ख्रिस्तायन’ या नावाने. जेमतेम दहा-साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण नव्हते. मराठी बायबल होते, कानात पंढरपुरातल्या कीर्तनांची चाल होती. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. अखेरचा अध्याय देवदत्तांनी पुरा केला, आणि ग्रंथ १९३८ साली छापून आला.